ढगातले पाणी: चोर्ला घाटातील प्रकल्प नोंदी

१८ मे २०२४, केरी (सत्तरी, गोवा)

सकाळी मावशीच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, झरीखाली दहा लिटरची बादली धरली. भरायला २ मिनिटे ३५ सेकंद लागली. मे अर्धा सरला तरी पाटाला पाणी आहे, पोफळी हिरव्यागार आहेत. व्हाळापलीकडे (ओढ्यापलीकडे) काजू लावलेल्या डोंगराखाली एक झर आहे, ती फेब्रुवारीतच आटते. मावशीचे यावरचे उत्तर ठरलेले आहे: "वयर रान आसा म्हणून सकयल उदक आसा." (वर रान आहे म्हणून खाली पाणी आहे.) तिच्या सासूनेही तिला हेच सांगितले होते.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. नववीला जलचक्र शिकवताना फळ्यावर जे चित्र काढते, त्यात पाऊस वरून सरळ खाली पडतो आणि झाडे बाजूला नुसती उभी असतात. पावसाळ्यात घाट चढलेल्या माणसाला मात्र माहीत असते की तिथे पाणी आडवेही येते. पाऊस थांबलेला असतो, रस्ता सुकायला लागलेला असतो, पण झाडाखाली उभे राहिलात तर दोन मिनिटांत खांदे भिजतात. ते पाणी किती, हे यंदा मोजायचे. विज्ञान मंडळाची सहा मुले तयार आहेत.

२६ मे, सुर्ला

जागा ठरली. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत काही रोवायचे नाही हे आधीच ठरवले होते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांची सुर्ल्याला कड्याच्या बाजूला जमीन आहे, त्यांनी आनंदाने हो म्हटले. उंची सुमारे ८०० मीटर, तोंड पश्चिमेला, खाली सत्तरीचा सगळा उतार. मागे अंजनी आणि जांभळाचे दाट रान. खोडांवरचे शेवाळ आत्ता वाळून तपकिरी झाले आहे, बोटाने चुरले तर भुगा होतो.

तीन गोष्टी बसवायच्या: मोकळ्यावर पर्जन्यमापक, त्याच्याजवळ धुक्याची जाळी आणि रानात झाडांखाली पन्हळ.

जाळीचे माप आमचे नाही. धुक्याचे संशोधक रॉबर्ट शेमेनाउअर आणि चिलीच्या पिलार सेरेसेदा यांनी १९९४ मध्ये एक साधा नमुना ठरवून दिला, तो जगभर वापरतात: एक मीटर बाय एक मीटरची चौकट, खालची कड जमिनीपासून दोन मीटरवर, त्यावर ३५ टक्के सावलीची राशेल जाळी दुहेरी. म्हणजे आपले रोपवाटिकेचे शेडनेटच. वाळपईच्या दुकानात ५० टक्क्यांचे होते, ३५ टक्क्यांसाठी आठवडाभर थांबावे लागले. खाली पीव्हीसी पाईप उभा चिरून केलेली पन्हळ, तिला नळी, नळी वीस लिटरच्या कॅनमध्ये. रानातल्या पन्हळी तशाच, तीन मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद, थोड्या उतरत्या.

एका मुलीने विचारले, "टीचर, झाडाला पाणी लागते. मग झाड पाणी देणार कसे?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. वहीत पहिल्या पानावर तोच लिहून ठेवला आहे.

१२ जून

पहिल्याच वादळी पावसात जाळीची वरची कड फाटली. केबल टायने जाळीला भोके पाडली होती, वाऱ्याने ती भोके ओढून लांब केली. आता कडेला दुहेरी पट्टी शिवून घेतली आहे. शिवण आईने घातली. एम-सील ओल्यात धरत नाही, पन्हळीचा सांधा घरी सुकवूनच करायला हवा होता. जळवा सुरू झाल्या, मुलांना तंबाखू-मिठाची पुरचुंडी द्यायची.

३० जून

जाळीला पाणी कसे मिळते यावर आज वर्गात पूर्ण तास गेला, आणि सार्थकी लागला.

ढगातला थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान. २० मायक्रॉनचा थेंब स्वतःच्या वजनाने खाली येतो तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर. वाऱ्यापुढे हे काहीच नाही, म्हणून तो पडत नाही, वाहतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब बनवायचा तर असे दहा लाख थेंब एकत्र यायला हवेत. मुलांनी घनफळाचे गणित करून हा आकडा स्वतः काढला.

पर्जन्यमापकाचे तोंड वर असते. आडव्या वाहणाऱ्या थेंबाला ते दिसतही नाही. जाळीचा धागा, शेवाळाची काडी, पानाची कड मात्र त्याच्या वाटेत उभी असते. वारा धाग्याला वळसा घालून जातो, थेंब हवेपेक्षा जड असल्याने त्याला तेवढे चटकन वळता येत नाही आणि तो धाग्यावर आदळतो. धागा जितका बारीक तितके हे चांगले जमते, कारण रुंद पानाभोवतीचा वारा लांबूनच फाकतो आणि थेंबांना बरोबर घेऊन जातो. म्हणून एका मोठ्या पानापेक्षा शेवाळाने भरलेली फांदी जास्त पाणी धरते.

ढगात पाणी असते तरी किती? एका घनमीटरला पाव ते अर्धा ग्रॅम. दहा फूट लांब-रुंद-उंच खोली ढगाने गच्च भरली तरी तिच्यात दोन-तीन चमचे पाणी. हे ऐकून मुलांचे चेहरे उतरले. मग वाऱ्याचे गणित केले. सेकंदाला पाच मीटर वारा असेल तर आपल्या एक चौरस मीटर जाळीतून तासाला १८,००० घनमीटर ढग जातो. घनमीटरला ०.२ ग्रॅम धरले तरी ३.६ लिटर पाणी. त्यातले तिसरा हिस्सा अडकले तर तासाला लिटरभर. डोंगराच्या कडेला उभे असलेले झाड हेच रात्रंदिवस करते.

या कामावर माणसे जगलेली आहेत. कॅनरी बेटांतल्या एल हिएरोवर गारोए नावाचे एक झाड होते. बेटावर बारमाही ओढा नाही, लोक त्या झाडाखालच्या खड्ड्यांत साठलेले ढगाचे पाणी पीत. १६१० च्या वादळात ते उन्मळून पडले. चिलीच्या किनाऱ्यावर चुंगुंगो नावाच्या मासेमारांच्या गावाला १९९० च्या दशकात एल तोफो डोंगरावरच्या जाळ्यांनी बरीच वर्षे नळाचे पाणी दिले.

७ जुलै

ढग कुठे टेकेल हे खालून सांगता येते. हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते) यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. आज शाळेत ओला-कोरडा तापमापक लावला: तापमान २८, दवबिंदू २५. फरक ३ अंश, म्हणजे ३७५ मीटर. सुर्ला त्याच्या दुपटीहून उंच, तेव्हा वर ढगच असणार. फोन केला. "टीचर, अंगणातला माड दिसत नाही," असे उत्तर आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी त्यांना दुसरे गणित दिले: तापमान ३१, दवबिंदू २४. उत्तर ८७५ मीटर. म्हणजे ढग आपल्या रानाच्या डोक्यावरून निघून गेला, एक थेंबही न देता. रान आहे तिथेच, ढगही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. कोस्टारिकातल्या मोंतेवेर्देच्या मेघवनात हीच भीती आहे. तिथला सोनेरी भेक १९८९ नंतर कोणालाही दिसलेला नाही. १९९९ मध्ये संशोधकांनी तिथल्या धुके नसलेल्या दिवसांची वाढ आणि प्राण्यांचे कमी होणे यांचा संबंध मांडला. २००१ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवले की पायथ्याचे जंगल तोडल्यानेही वरच्या ढगाचा तळ उचलला जातो, कारण उघडी जमीन जास्त तापते आणि हवेला ओल कमी देते. डोंगरमाथा राखला आणि पायथा उघडा केला तर माथाही कोरडा पडतो. सत्तरीत राहणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवे.

२१ जुलै

महिनाभर नुसता कोसळतोय. रेड अलर्टमुळे शाळेला सुट्टी, घाटात दरड पडण्याची भीती, तीन आठवडे वर जाता आले नाही. गेलो तेव्हा कॅन वाहून चालले होते. हे सगळे आकडे सोडून द्यावे लागतील, कारण वाऱ्याबरोबर तिरपा पाऊस जाळीवर आपटतो आणि त्यातले ढगाचे पाणी कोणते, पावसाचे कोणते हे वेगळे करता येत नाही. एक नियम ठरवला: पर्जन्यमापकात पाणी असेल तो दिवस हिशेबात धरायचा नाही. हाती येणारे दिवस थोडे राहतील, पण जे येतील ते खरे असतील.

१३ ऑगस्ट, सुर्ला

पावसाने उघडीप दिली आहे. खाली केरीत ऊन, वर ढग. काल संध्याकाळी सहाला कॅन रिकामा करून मुक्काम केला.

सकाळी सहाला मोजले. पर्जन्यमापक: शून्य, तळाला ओल एवढीच. जाळी: ६ लिटर ४०० मिली. रानातल्या पन्हळींत सरासरी ६३० मिली. पन्हळीचे क्षेत्र ०.३ चौरस मीटर, म्हणजे झाडांखाली २.१ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो आकाशातून पडलेलाच नाही.

पन्हळीजवळ तासभर बसून राहिले. ढग खालून येतो, दरीतून वर चढत, आणि पहिल्या ओळीतल्या झाडांत शिरतो. डोळ्यांसमोर अंजनीची एक फांदी होती, मनगटाएवढी. मेमध्ये चुरा होणारे शेवाळ आता हिरवे, जाड, बोट रुतेल असे. त्याच्या प्रत्येक काडीच्या टोकाला पांढरा बिंदू. वाऱ्याची झुळूक आली की बिंदू फुगत जातो, शेजारच्याला चिकटतो, दोघांचा एक होतो, आणि तो काडीवरून घसरून आत मुरतो. बराच वेळ खाली काहीच पडत नाही. शेवाळ पीत राहते. मग त्याचे पोट भरते आणि फांदीच्या खालच्या अंगाने एक धार वाकणापर्यंत जाऊन थेंब-थेंब गळू लागते. मी घड्याळ लावले: मिनिटाला ११ थेंब, एकाच फांदीच्या एकाच वाकणातून. फांदीवर अश्वकात्री या नेच्याच्या वाळल्या पानांच्या टोपल्या होत्या, त्यांत साठलेल्या कुजक्या पाल्यात एक इवलासा बेडूक बसला होता. जमिनीपासून दहा फुटांवर त्याला चिखल मिळाला होता.

रानात आत पन्नास पावले गेल्यावर टपटप कमी होते. कडेच्या झाडांनी ढग आधीच गाळून घेतलेला असतो. म्हणजे कड तोडली तर आतले रान नुसते उघडे पडत नाही, ढग पिंजणारी फणीच मोडते.

१४ ऑगस्ट

पुन्हा शून्य पाऊस. जाळी ३ लिटर ९००, पन्हळ १.३ मिलिमीटर.

९ सप्टेंबर

चवथ (गणेशचतुर्थी) झाली. गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायला कांगलां, घागऱ्या, नागुलकुडा अशी रानफळे शोधत दादा रानात गेला होता, येताना वाऱ्याने तुटून पडलेली शेवाळलेली काटकी माझ्यासाठी घेऊन आला. घरात माझ्या प्रकल्पाची अशी हवा आहे. शेवाळ खरवडून प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवले: ओले ८४ ग्रॅम. उन्हात आणि मग बल्बखाली पूर्ण वाळवल्यावर ११ ग्रॅम. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साडेसहा पट पाणी.

२२ सप्टेंबर, सुर्ला

आजचा दिवस या वहीतला सर्वांत मोठा. मेमधल्या त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

एक गोष्ट मला महिनाभर टोचत होती. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटात त्याहून जास्त. त्यापुढे रात्रीचे दोन मिलिमीटर म्हणजे किती? पावसाळाभराचे मिळून सगळे ढगाचे पाणी धरले तरी पावसाच्या तुलनेत ते थोडेच भरेल. चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावर ढग हेच सगळे पाणी, आपल्याकडे तसे नाही. शिवाय पुस्तकातली मेघवने बहुतेक १,५०० मीटरच्या वरची, बारा महिने ढगात असणारी. निलगिरीतली शोला रानेही आपल्यापेक्षा दुप्पट उंच. चोर्ल्याचे रान चार महिन्यांचे मेघवन आहे. मग मावशीच्या झरीशी ढगाचा संबंध किती, असे मनाला लागून राहिले होते.

आज प्रयोगशाळेतला पोटोमीटर वर नेला. जांभळाची कोवळी फांदी पाण्याखाली कापून नळीत बसवली. पान जितके पाणी हवेत सोडते तितका नळीतला हवेचा बुडबुडा पुढे सरकतो. दिवस नशिबाने ऊन-ढगाचा मिळाला. उन्हात अर्ध्या तासात बुडबुडा ३८ मिलिमीटर सरकला. मग ढग आला, पाने ओली झाली. पुढच्या अर्ध्या तासात ३ मिलिमीटर. मुले श्वास रोखून पट्टीवर वाकली होती. पुन्हा ऊन आले, पाने सुकली, बुडबुडा पुन्हा चालू लागला.

ढगात हवा पाण्याने भरलेली असते, पान ओले असते, ऊन नसते. पानातून वाफ जायला वावच राहत नाही. जे पाणी झाडाने जमिनीतून ओढून हवेत सोडले असते ते जमिनीतच राहते. काही झाडे तर ओल्या पानातून थेट पाणी आत घेतात. म्हणजे ढग रानाला दोन हातांनी देतो: एका हाताने वर थेंब घालतो आणि दुसऱ्या हाताने रानाचा खर्च थांबवतो. जाळी फक्त पहिला हात मोजते. मी चार महिने त्याच हाताकडे बघत बसले होते. आपल्या घाटात दुसरा हात मोठा आहे असे माझे ठाम मत झाले आहे, विशेषतः पावसाच्या उघडिपीत आणि पाऊस जाता-जाताच्या दिवसांत.

मुलीला म्हटले, तुझ्या प्रश्नाखाली लिही: झाड पाणी देत नाही, ढगात उभे राहून ते मिळवते आणि कमी खर्च करते, उरलेले झरीला जाते. "आणि मुळे?" असे दुसऱ्याने विचारले. तेही खरे. पालापाचोळ्याचा थर आणि मुळांनी पोकळ केलेली माती नसती तर जुलैचा सगळा पाऊस व्हाळातून दोन दिवसांत मांडवीला मिळाला असता.

१७ नोव्हेंबर

ढगाचा तळ आता घाटाच्या वर गेला. जाळी आठ दिवस कोरडी. गव्याने एक खांब आडवा केला, ठसे ताटलीएवढे. शेवाळ कडेने तपकिरी होऊ लागले आहे. झर: दहा लिटरला ५२ सेकंद.

१२ जानेवारी २०२५, केरी

पहाटे शाळेच्या पटांगणात इतके धुके की गोलपोस्ट दिसत नव्हता. मुलांनी हौसेने दुसरी जाळी इथे लावली होती, त्यांना कॅन भरलेला मिळेल अशी खात्री होती. मिळाले ४० मिली. दिसायला तेच धुके. पण हे रात्री जमीन गार पडून खोऱ्यात साचलेले, जागचे न हलणारे. वारा नाही, तर थेंब जाळीपर्यंत येणार कसे? घाटातले धुके म्हणजे डोंगरावर चढणारा ढग. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, पण रानाच्या लेखी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा नापास झालेला प्रयोग मला फार आवडला.

परत येताना मुलांना गोव्याच्या नावाच्या देवगांडुळाबद्दल सांगितले. गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला हा उभयचर, मातीच्या ओलीवर जगणारा. २००७ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली ती याच केरीहून. एकालाही हे ठाऊक नव्हते. पाठ्यपुस्तकात पेंग्विन आहे, हा नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

९ मार्च

रान कडकडीत वाळले आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी ओतावे लागले होते. त्या वेळचा धूर आम्ही शाळेच्या खिडकीतून पाहिला आहे. शेवाळ आणि कुजका पाला जळाला तर झाड उभे राहूनही ढग पिंजता येत नाही आणि तो थर पुन्हा जमायला वर्षे जातात. सुर्ल्याच्या काकांनी मुलांबरोबर जाळीभोवतीचे आणि रानाच्या कडेचे गवत कापून, वणवा आत येऊ नये म्हणून, जाळपट्टा काढला. दुपारपर्यंत हाताला फोड आले, कोणी तक्रार केली नाही.

२० एप्रिल

झर: दहा लिटरला २ मिनिटे ५ सेकंद. पलीकडची आटली. दोन डोंगरांची माती आणि खडक अगदी सारखे नाहीत, म्हणून या एका जोडीवर सगळा निकाल देता येणार नाही हे मुलांना सांगितले. पुढच्या वर्षी दोन्हीकडे मातीतली ओल मोजायची.

२५ मे, सुर्ला

ढग यंदा मे सरण्याआधीच उतरले. मावशीला गाडीत घालून वर आणले. चाळीस वर्षे ती ज्या रानाचे पाणी पोफळींना देते आहे, त्या रानाच्या कडेला ती पहिल्यांदा आली. जाळीला हात लावला, ओला हात पदराला पुसला. मग रानात शिरून अंजनीच्या त्याच फांदीखाली उभी राहिली, वर बघत. शेवाळ अजून नीट हिरवे झालेले नाही, पण टपटप सुरू झाली आहे.

"पावस खंय आसा?" तिने विचारले. पाऊस नव्हताच.

जाळीच्या नळीखाली तिने आपला पेला धरला. भरायला ११ मिनिटे लागली. तेवढा वेळ ती पेला धरून उभी होती, कोणाच्या हातात दिला नाही. अर्धा प्याली, उरलेला मुलांना दिला.